आधी आवाज सारखा करून घे

काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’ लिहितोय. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. हेडफोनच्या नादाने पैसे साठवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि तुमच्या घरात मला जे मिळालं ते त्यांच्याही कामाचं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुमच्याकडे आलो तेव्हा माझं ठरलेलंच होतं. तबल्याच्या शिकवण्यांतून बाजूला टाकलेले दीड लाख हेडफोनच्या एका ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रात घालायचे, आणि तुम्ही फक्त ‘घे’ म्हणायचं. दुकानात मी माझाच सेनहायझर एचडी 650 हेडफोन नेला होता. आधी तो एका साध्या ॲम्पला लावला, मग त्या महागाला, बॅलन्स्ड वायरने, म्हणजे दोन्ही कानांना तारांची वेगवेगळी जोडी असलेल्या. बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, मनगट घासून काढलेला घिस्सा असा भरून आला की अंगावर काटा आला. हे सगळं मी तुम्हाला भरभरून सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला होता का?”

केला नव्हता. दोन्हींची बटणं घड्याळातल्या बारावर होती, तेवढ्यावर मी दोन्ही सारखे धरले होते.

मग तुम्ही मांडी घालून बसलात आणि समजावलंत. बॅलन्स्ड जॅकमधून साधारण दुप्पट व्होल्टेज बाहेर येतं, म्हणजे 6 डेसिबल जास्त. आणि आवाज वाढला की आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणापेक्षा जास्त वाढल्यासारखे वाटतात. हे अमेरिकेत बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. “दुकानदार खोटं बोलत नव्हता,” तुम्ही म्हणालात, “त्यालाही तसंच ऐकू येत होतं.” हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत हे मला फार आवडलं. माझ्या कानांनाही तुम्ही खोटं ठरवलं नाहीत. तोपर्यंत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारची दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला रोटरी स्विच तुम्ही एका जुन्या स्टीलच्या डब्यात बसवला होता. एका बाजूला माझा साडेसात हजारांचा छोटा ॲम्प, दुसऱ्या बाजूला तुमच्या मित्राकडून खास माझ्यासाठी मागून आणलेला तोच महागडा ॲम्प. एक हजार हर्ट्झचा सूर लावलात आणि मल्टिमीटरच्या सुया हेडफोनच्या टोकाशी टेकवल्यात. मी म्हटलं, हेडफोन काढून मोजूया, सोपं जाईल. तुम्ही मान हलवलीत. हेडफोन जोडलेला असतानाच मोजायचं, कारण भार पडल्यावर व्होल्टेज किती उतरतं ते प्रत्येक ॲम्पचं वेगळं असतं. एकाचा आकडा 0.200 व्होल्ट आला. दुसऱ्याचं बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत त्याचाही 0.200 येईपर्यंत तुम्ही श्वास रोखून बसला होतात. तबला लावताना गजऱ्यावर हातोडीचा शेवटचा हलका ठोका देतात, तसा तो क्षण होता.

काकू पडद्यामागे स्विचपाशी बसल्या. नाणं उडवायचं, त्याप्रमाणे स्विच फिरवायचा, वहीत लिहायचं, आणि मधल्या वेळात मटार सोलायचे. कोणता ॲम्प चालू आहे हे तुम्हालाही कळू नये, नाहीतर तुमच्या चेहऱ्यावरून मला अंदाज येईल, ही काळजीसुद्धा तुम्ही घेतलीत. 16 वेळा ऐकायचं. 12 किंवा जास्त बरोबर आले तरच फरक ऐकू येतो असं मानायचं, कारण नुसत्या अंदाजाने 12 किंवा जास्त जुळण्याची शक्यता 4 टक्क्यांच्याही आत असते. मी तन्मयतेने ऐकत होतो. तानपुऱ्याची जवारी ऐकली, बाया ऐकला, आणि मला अगदी खात्री होती. वही उघडली तेव्हा 9 बरोबर होते.

मी पडलेल्या चेहऱ्याने बसलो होतो, तर तुम्ही मला चहा दिलात आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडलात. ते पाकीट मी जपून ठेवलंय. माझ्या हेडफोनचा विजेला होणारा रोध 300 ओहम, म्हणजे तो चालवायला जड, हा माझा पक्का समज होता. तुम्ही लिहिलंत: एचडी 650, कंपनीच्या आकड्याप्रमाणे 1 व्होल्टला 103 डेसिबल. एखाद्या क्षणाचं 110 डेसिबलचं टोक गाठायचं तर सुमारे 2.2 व्होल्ट, साडेसात मिलिअँपिअर, 17 मिलिवॅट. बस्स. मग खाली दुसऱ्या हेडफोनची ओळ: हायफायमॅन एचई-6, 50 ओहम, 1 मिलिवॅटला 83.5 डेसिबल. त्याच टोकाला 4.7 व्होल्ट, 94 मिलिअँपिअर, जवळपास 450 मिलिवॅट. ओहम सहापट कमी आणि शक्ती लागणार सव्वीसपट. इतकी वर्षं मी ओहमचा आकडा बघत होतो, बघायला हवी होती ती संवेदनशीलता, म्हणजे किती विजेला किती आवाज.

मग कपाटातून तुमचा स्वतःचा एचई-6 काढलात. माझ्या छोट्या ॲम्पवर त्याची अवस्था बिकट झाली. ठेक्याची सम आली की आवाज चिरडल्यासारखा व्हायचा. तुम्ही तो तुमच्या जुन्या स्पीकरच्या ॲम्पला, थेट स्पीकरच्या टोकांना जोडलात. आधी बटण शून्यावर, मग तोल साधत हळूहळू वर. काकूंच्या वहीत या वेळी 16 पैकी 16. ॲम्पने काही फरक पडत नाही असं ठासून सांगणारे लोक मला भेटलेत, आणि ॲम्पशिवाय हेडफोन म्हणजे नुसता सांगाडा असं म्हणणारेही. तुम्ही दोन्हींतलं काहीच म्हणाला नाहीत. कोणत्या हेडफोनला काय लागतं ते एका दुपारी कानांनी ऐकवलंत.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतून बसलाय तो तुमचा व्हॉल्व्हचा, काचेच्या नळ्यांचा ॲम्प. त्यावर एचडी 650 लावला तेव्हा बाया पुन्हा भरून आला, आवाज मोजून सारखा केलेला असूनही. 14 बरोबर! मला वाटलं, आता तुम्ही अडचणीत आलात. तुम्हाला तर आनंदच झाला. त्या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या विजेला त्याचा आतला रोध, 120 ओहम. हेडफोनमधला पडदा आणि कॉइल यांचा एक नैसर्गिक सूर असतो, जसा बायाचा स्वतःचा असतो. एचडी 650 मध्ये तो 80-90 हर्ट्झच्या आसपास येतो आणि तिथे त्याचे 300 ओहम वाढून 500 च्या घरात जातात. दोन रोध एकापुढे एक आले की व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं. हजार हर्ट्झला 420 पैकी 300 चा वाटा हेडफोनला, खाली 620 पैकी 500 चा. फरक बरोबर एका डेसिबलचा, आणि तो नेमका बाया घुमतो त्या जागी. एचई-6 मध्ये पातळ पटलावरच वाहक पट्टे असतात, त्याचा रोध वरपासून खालपर्यंत जवळजवळ सपाट. म्हणून त्याच ॲम्पवर त्याचा आवाज दहा डेसिबलने बसला, पण रंग बदलला नाही.

मग तुम्ही साध्या ॲम्पवर इक्वलायझरने तेवढाच एक डेसिबलचा उंचवटा दिलात आणि काकूंना पुन्हा बसवलंत. 10 बरोबर. व्हॉल्व्हची ती ऊब आता दोन्हीकडे होती.

इथे दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं. तुम्ही म्हणालात, “अरे, तुला ती ऊब आवडते ना? मग घे खुशाल. फक्त काय विकत घेतोयस ते माहीत असू दे.” काका, त्या वाक्यासाठी मी तुमचा आयुष्यभराचा ऋणी आहे.

उठता उठता तुम्ही कानांबद्दल बोललात. 85 डेसिबलला दिवसाला आठ तासच कानांना सोसतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. मी हेडफोनवर किती मोठ्याने ऐकतो ते तुम्ही मल्टिमीटरवरून काढून दाखवलंत आणि पहिल्यांदाच माझ्यावर रागावलात. “तुझं पोट कानांवर आहे,” म्हणालात. तेव्हापासून बटण नऊच्या पुढे जात नाही.

दीड लाखातले पंधरा हजार दोन हेडफोन जोडता येणाऱ्या एका ॲम्पवर गेले, आणि एक सेकंडहँड एचडी 600 हेडफोन घेतला. आता शिकवताना मी आणि विद्यार्थी एकाच वेळी तेच ध्वनिमुद्रण ऐकतो. बायावर मनगट कुठे दाबलं, बोट कधी उचललं, हे मी बोटाने हवेत दाखवतो आणि समोरच्याला ते त्याच क्षणी कानात सापडतं. दोन हेडफोनचे रंग थोडे वेगळे आहेत, ते चालतं. ॲम्पमध्ये दशांशांचा फरक शोधण्यापेक्षा हेडफोन नीट निवड, तिथे चार-पाच डेसिबलचे फरक सहज असतात, हेही तुमचंच. उरलेल्या पैशांतून मुलीची वर्षाची फी भरली.

तुमच्याकडून ऐकायला नेलेला एचई-6 अजून माझ्याकडेच आहे, येत्या रविवारी परत घेऊन येतो. बरोबर एक विद्यार्थी असेल. वायर बदलली की तानपुरा उजळतो असं त्याचं म्हणणं आहे आणि तो दोन्ही वायरी घेऊन येणार आहे. मल्टिमीटरचा सेल संपत आला होता, नवा मी आणतो. काकूंना सांगा, मटारही मीच आणतो, वही तेवढी काढून ठेवा.

तुमचा,
तबलेवाला