ते जेवण दाखवू नकोस

प्रिय मध्या,

तुझ्या नाटकाचा खर्डा मिळाला, उत्तर मात्र फार लांबलं. रागावू नकोस. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तेवढा दुखतोय.

दुसऱ्या अंकात तू जेवणाची पंगतच मांडलीस, तिथे माझा जीव अडकला. अरे, ज्या फ्रेंच नाटकावर तू बेतलंयस, त्या फ्रान्सिस वेबरच्या 'ल दीने द कों'मध्ये मित्र एकेक बावळट जेवायला आणून त्याची टर उडवणार असतात, पण ते जेवण होतच नाही! गोल्फ खेळताना प्रकाशकाची पाठ धरते, बायको घर सोडून जाते आणि ज्याची टर उडवायची, त्याच पिन्योंवाचून त्याचं पान हलेनासं होतं. बायको कुठे आहे ते कळावं म्हणून पिन्यों बेल्जियन निर्माता बनून फोन करतो, कादंबरीचे हक्क मिळवतो आणि बायकोची चौकशी करायचीच विसरतो. सगळे घोटाळे मदतीच्या भरात होतात, म्हणून त्याच्यावर जीव जडतो. 2010 च्या हॉलिवूड आवृत्तीत जेवण दाखवलं. टेबलाभोवती वल्ली जमल्या आणि दोघांमधली पकड सुटली.

2007 च्या 'भेजा फ्राय'ने ही पकड नेमकी हेरली. काड्यापेटीच्या काड्यांचे मनोरे रचणाऱ्या पिन्योंच्या जागी गाण्याचं वेड असलेला आयकरवाला आला. तुझा कवीही तसाच चपखल बसलाय. पण करनिरीक्षकाला श्रीमंती कळू नये म्हणून उंची वाइनमध्ये व्हिनेगर ओतणं जसंच्या तसं का ठेवलंस? आपल्याकडे उंची स्कॉच देशीच्या बाटलीत ओततील.

'बनवाबनवी'वरून आपण किती भांडलो! तू म्हणायचास, पुरुषाने साडी नेसली की हशा पिकतोच. नाही रे. 1951 च्या जर्मन चित्रपटात दोघे वादक कामासाठी बायकांचे कपडे घालतात. वाटेल तेव्हा उतरवू शकतात. तीच गोष्ट घेऊन हॉलिवूडच्या बिली वाइल्डरने 1959 च्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये त्यांच्या मागे शिकागोचे गुंड लावले. विग निघाला की जीव गेला! 'बनवाबनवी'त गुंडांची गरजच नाही. 1966 च्या 'बीवी और मकान'मधली, एकट्या पुरुषांना भाड्याने जागा न मिळण्याची अडचण पुण्यात आणली आणि साडी सुटली की बिऱ्हाड रस्त्यावर, एवढं पुरलं.

तुझा प्रकाशक मात्र पाठ धरलेली असताना उठून पंखा लावतो. मग त्याला कवीची गरज काय? पंख्याचं बटण, फोन, दाराची कडी, सगळं त्याच्या हाताबाहेर ठेव. पाठ पहिल्या दहा मिनिटांत धरू दे आणि शेवटपर्यंत सोडू नकोस.

मूळ नाटक 1993 चं आहे. हक्क मागितल्याशिवाय प्रयोग लावू नकोस.

वहिनींची बदली टळली का? धाकटीला दहावीसाठी शुभेच्छा. दुसरा अंक नव्याने लिहून लगेच धाड.

तुझा,
श्री