हात पानावर, कान टीव्हीवर

तीर्थरूप अम्मा आणि नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाना, हे पत्र तुम्ही अम्माला वाचून दाखवणार हे धरूनच लिहितेय. घरात आपण तेलुगू बोलतो, पण मला ते लिहिता येत नाही. शाळा मराठी, तुमचा पेपर मराठी, म्हणून पत्रही मराठीत. वाचताना मधलं काही गाळू नका. पैशाची गोष्ट आली की तुम्ही घाईत पुढे जाता, म्हणून तीच आधी लिहून टाकते.

पीएच.डी.साठी मला महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप आहे, घरभाड्याचे वेगळे. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेतात. तो नीट पार पडला की 42,000 होतात. पुण्याच्या पेपरमध्ये मला यापेक्षा कमी मिळायचे आणि रविवारही माझा नसायचा. मुदत नियमाने कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बायकांना वर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण हे पेद्दम्माला सांगू नका, ती लगेच माझ्या लग्नाचा हिशोब मांडायला बसेल. पहिली दोन सत्रं कोर्सवर्कची होती, वर्गात बसायचं आणि परीक्षा द्यायच्या. ती संपली. आता दर सहा महिन्यांनी समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगावं लागतं. तेव्हा कुणी विचारलं तर "पोरगी सध्या घरीच आहे" असं सांगत जाऊ नका. मी कामावर आहे.

नेटची परीक्षा 18 जून 2024 ला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तेव्हा नाना तुम्ही म्हणाला होता, "मल्लिकार्जुनानेच वाट अडवली बघ, नोकरी सोडू नको." ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा पुन्हा झाली आणि त्यातच मला ही फेलोशिप लागली. मल्लिकार्जुनाचं नेमकं मत काय होतं ते तुम्हीच ठरवा.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "टीव्ही बघण्यावर कुठं पीएच.डी. असते का?" तेव्हा मी हसून विषय बदलला, कारण मेसमध्ये मागे रांग होती. आता नीट सांगते.

तुमच्या लेखी माध्यम म्हणजे पेपर, आणि पेपर म्हणजे सोलापूरच्या 'संचार'चे संपादक रंगाअण्णा वैद्य. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना तुम्ही मला दर वेळी सांगायचात की कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र काढायचे आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्याला फासावर गेले. लिहिणारा माणूस मोठा, हे मी तुमच्याकडूनच शिकले आणि म्हणूनच पेपरात गेले. पण तिथे रोज रात्री पान लावताना एक गोष्ट खटकत राहायची. आम्ही वाचकाबद्दल सारखं बोलायचो, 'वाचकाला हे आवडतं, वाचकाला ते नको', आणि वाचक कुणी पाहिलेला नसायचा. साखर पेठेतला एक पेपर चहाच्या गाड्यावर किती जण वाचतात, कोण कुठलं पान आधी उघडतं, निम्मी गल्ली बातमी न वाचता ती ऐकतेच कशी, याची तिथे कुणाला फिकीर नव्हती. माझा विषय तिथून सुरू होतो. छापणारा आणि दाखवणारा जे पाठवतो, त्याचं घेणारा माणूस पुढे काय करतो?

हे खूळ माझं एकटीचं नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमला 1964 मध्ये रिचर्ड हॉगर्ट नावाच्या प्राध्यापकाने यासाठी एक केंद्र काढलं. तो स्वतः लीड्सच्या कामगारवस्तीत वाढलेला. कामगारांची गाणी, मासिकं, घरातल्या गप्पा यांचा अभ्यास कवितेइतक्याच गंभीरपणे व्हायला हवा असं त्याचं म्हणणं. पुढे तिथे जमैकातून आलेले स्टुअर्ट हॉल आले. त्यांनी दाखवून दिलं की पाठवणाऱ्याने भरलेला अर्थ घेणारा जसाच्या तसा गिळत नाही. कुणी मान डोलावतो, कुणी निम्मं मानतो, कुणी सरळ उलटा अर्थ लावतो. त्यांच्याच एका सहकाऱ्याने, डेव्हिड मॉर्लीने, बी.बी.सी.चा एकच कार्यक्रम बँक मॅनेजरांना, शिकाऊ कामगारांना आणि युनियनच्या लोकांना वेगवेगळं बसवून दाखवला. प्रत्येकाला त्यात वेगळंच दिसलं.

हे वर्गात शिकत असताना मला अम्मा आठवत होती. मालिकेतली सासू अंगभर दागिने घालून रडायला लागली की अम्मा म्हणायची, "हिला रोज हजार विड्या वळायला लावा, डोळ्याला पाणी यायला वेळच मिळणार नाही." अम्मा, तू जे करत होतीस त्यावर हॉलसाहेबांचा अख्खा निबंध आहे.

तर विषय असा आहे: सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका आणि त्यांचं ऐकणं. 'बघणं' असा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. अम्मा, तू कुठे बसायचीस आठव. उंबऱ्यापाशी, तोंड गल्लीकडे, कारण उजेड तिथे. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, उजव्या हाताला कात्री आणि पान मापात कापायचा पत्रा. टीव्ही मागे फळीवर. 1995 मध्ये ई-टीव्ही आणि जेमिनी ही तेलुगू चॅनेलं निघाली, पुढे आपल्या गल्लीत केबल आली, तेव्हापासून तू इतक्या मालिका 'पाहिल्यास', पण तुझी पाठच होती त्यांच्याकडे. हजाराच्या हिशोबाने मजुरी मिळते, म्हणजे मान एकदा वळली की दोन विड्या गेल्या. संगीत धडाधड वाजलं तरच तू मागे बघायचीस, तेही हात न थांबवता.

एका मालिकेतली नायिका बदलली होती, तेव्हाचं भांडण आठवतंय? मी म्हणत होते, "अम्मा, ही दुसरी बाई आहे." तू ऐकेनास. "तीच आहे, आवाज तोच आहे." तेलुगू मालिकांत पुष्कळदा नटीला दुसऱ्या बाईचा आवाज देतात. चेहरा बदलला तरी आवाज तोच राहू शकतो. मी पडदा बघत होते, तू आवाज, आणि तुझ्या लेखी ती मालिका कधी बदललीच नव्हती. मार्गदर्शक मॅडमना हे सांगितलं तर त्या खुर्चीत सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, हे आधी लिहून काढ.

मग मी जगात असं आणखी कुठे झालंय ते शोधत बसले. क्युबा देशात हवाना शहर आहे, तिथे सिगार हाताने वळतात. तिथल्या कारखान्यात 1865 पासून वाचून दाखवणारा माणूस ठेवायची पद्धत पडली. तो उंच आसनावर बसून पेपर वाचायचा, कादंबऱ्या वाचायचा, आणि खाली शेकडो हात सिगार वळायचे. त्याचे पैसे कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे, आणि काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. पुढच्याच वर्षी सरकारने बंदी घातली, म्हणजे बघा किती जोर असेल त्या वाचण्यात! (बंदीनंतरही ही पद्धत परत आली, आजही आहे.) आपल्याकडे केरळात कन्नूर भागातले विडी कामगारही असंच करायचे. एकाने पेपर वाचायचा, आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. तिथल्या कामगारांची राजकीय जाण यातून घडली असं अभ्यासक सांगतात.

सोलापुरात हे तसं जमणार कसं? पान, तंबाखू, दोरा विडी कारखान्याच्या ब्रँचमधून घरी आणायचा, एकटीने उंबऱ्यात बसून वळायचं, दुसऱ्या दिवशी माल टाकायला जायचं. शंभर जणी एका छताखाली नाहीत, त्यामुळे मध्ये वाचणारा नाही. ती जागा आधी रेडिओने, मग टीव्हीने, आता मोबाईलने घेतली. फरक असा की काय ऐकायचं ते ठरवणं हातातून गेलं. की गेलं नाही? माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न हाच आहे, आणि उत्तर मला अजून सापडायचंय.

मागच्या खेपेला कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत, तुझ्या मैत्रिणींकडे गेले होते ना, तिथे एक गंमत पाहिली. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर यूट्यूब लावलेलं. हाताला तंबाखू, बोट स्क्रीनला लावता येत नाही. त्यामुळे जाहिरात आली की ती पूर्ण ऐकायची. एक अक्का तर कोपराने दाबायचा प्रयत्न करत होत्या, मग वैतागून नातवाला हाका मारायला लागल्या. शहरातली माणसं पाच सेकंदांत जाहिरात उडवतात. या बायकांना सगळ्या जाहिराती पाठ आहेत, जमिनीच्या प्लॉटच्या, सोन्याच्या, कर्जाच्या. विकत काहीच घेत नाहीत, पण मालिकेवर जसं बोलतात तसं त्यांच्यावरही बोलतात. त्या बोलण्यातलं मी रेकॉर्ड केलेलं आता लिहून काढतेय. एका तासाला माझा अख्खा दिवस जातो. तेलुगूत मराठी, त्यात कानडी, मागे कुणाच्या तरी यंत्रमागाची खटखट. बोलणं आपोआप लिहून देणाऱ्या मशीनवर टाकून पाहिलं, तर त्याने सगळ्याचं भजन करून ठेवलं. इथे हैदराबादची पोरं माझी तेलुगू ऐकून विचारतात, "कुठला जिल्हा?" सोलापूर म्हटलं की त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

अम्मा, आता जरा अवघड गोष्ट. प्रबंधात तुझं नाव येणार नाही. तुझंच काय, कुणाचंच नाही. नियम आहे, आणि नियम बरोबरही आहे. ब्रँचमधल्या मजुरीबद्दल, मालाबद्दल कुणी बोललं आणि तिचं नाव छापलं, तर दुसऱ्या दिवशी त्रास तिला होईल, मला नाही. तू फोनवर म्हणालीस, "इतकी वर्षं वळल्या, एकदा तरी नाव छापून येऊ दे की." ते ऐकून मी मॅडमना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आभाराच्या पानावर आईचं नाव लिहायला कुणाची बंदी नाही. पण तुझी मुलाखत मी घेणार नाही. आईची मुलाखत घेतली तर समोर अभ्यासक बसलीय की मुलगी, हे मलाच कळणार नाही. तुझ्याबद्दल मी लिहीन ते माझी आठवण म्हणून, वेगळं सांगून.

नाना, प्रबंध इंग्रजीत असणार, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पूर्ण झाला की 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जाईल, कुणालाही फुकट वाचता येईल, पण कुंभारीत तो वाचणार कोण? म्हणून प्रत्येक प्रकरण झालं की त्याचं सोपं मराठी करून तुम्हाला पाठवणार आहे. तुम्ही ते दुपारी ओसरीवर मोठ्याने वाचा. बायका काय म्हणतात ते मला कळवा. त्यांना पटलं नाही तर तसंही लिहून ठेवीन.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतेय. अक्षता सोहळा झाला की महिनाअखेरपर्यंत राहीन. तोवर दोन-तीन कामं करून ठेवा. नाना, माळ्यावरच्या पेटीत केबलवाल्याच्या जुन्या पावत्या असतील, त्या रद्दीत देऊ नका. कुठलं चॅनेल कधी आलं त्याचा माग त्यावरूनच लागेल. अम्मा, तुझ्या मैत्रिणींना आधीच विचारून ठेव. नाही म्हणाल्या तर राहू दे, आग्रह करायचा नाही, आणि मध्येच नको वाटलं तर उठायला मोकळ्या. मुलाखतीचे रोख पैसे देता येणार नाहीत. पण बोलण्यात त्यांचा हजार अपुरा राहिला तर मजुरी बुडेल, तेही मला चालणार नाही. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून पानं कापत कापतच विचारणार आहे. माझ्या कापण्यावर तुझा विश्वास नाही, ठाऊक आहे. तरी छोटी कात्री धार लावून ठेव, आणि पत्रा उजवीकडचाच दे, डावीकडच्याचा कोपरा वाकलाय.

तुमची,
धाकटी