साखरेचा दावा मिटलेला नाही, लटकलेला आहे

महोदय,

साखर निर्यातीच्या कोट्यावर आपल्या अंकात आलेल्या लेखाचा सूर असा की, जागतिक व्यापार संघटनेतला साखरेचा दावा आता इतिहासजमा झाला. तसे नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये तक्रारी केल्या आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी तक्रारी तपासणाऱ्या पॅनेलचा अहवाल भारताच्या विरोधात आला. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. त्यात सात जागा असतात, एका अपिलाला तीन सदस्य लागतात, आणि अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आहेत. सुनावणी नाही म्हणून अहवाल मंजूर होत नाही, आणि मंजुरीशिवाय तक्रारदारांना भारताच्या मालावर जादा शुल्क लावण्याची परवानगी मिळत नाही. एवढ्यावरच आपण निर्धास्त आहोत.

अहवालात हरलो कशावर, हे नीट पाहायला हवे. निर्यात अनुदानाचा भाग तुलनेने सोपा. साखरेवर निर्यात अनुदान देण्याचा हक्क भारताने संघटनेच्या कृषी करारात राखूनच ठेवलेला नव्हता, त्यामुळे २०१९-२० मध्ये ६० लाख टनांवर टनाला १०,४४८ रुपयांपर्यंत मदत जाहीर करणे अडचणीचेच होते. २०२१-२२ मध्ये जागतिक भाव चढे असताना अनुदानाशिवायही १०० लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली. तो प्रश्न व्यवहारात मागे पडला.

खरी गोम एफआरपीत, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या, केंद्राने ठरवलेल्या किमान दरात आहे. आपला युक्तिवाद असा होता की, उसाचे पैसे कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून छदामही जात नाही, मग अनुदान कसले? पॅनेलने तो मान्य केला नाही. कृषी कराराच्या हिशेबात पैसे कोणी दिले हे विचारतच नाहीत. सरकारने ठरवलेल्या किमतीतून १९८६-८८ ची गोठवलेली संदर्भ किंमत (तुलनेसाठी कायम धरलेली जुनी किंमत) वजा करायची आणि येणारा फरक त्या किमतीला पात्र असलेल्या सगळ्या उसाला लावायचा. २०१८-१९ ची एफआरपी दहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे २७५ रुपये होती. १९८६-८८ मध्ये आपली किमान किंमत १७-१८ रुपयांच्या घरात होती. संदर्भ किंमत उदाहरणापुरती १७ धरली तर फरक २५८ रुपये, म्हणजे दराच्या जवळजवळ ९४ टक्के. भारताला अशा आधाराची मुभा आहे उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची. मधल्या तीस-बत्तीस वर्षांची महागाई अशा रीतीने 'आधार' म्हणून आपल्या नावे पडते. महागाईचा 'यथोचित विचार' करण्याचे कलम करारात आहे, पण त्याने हिशेबाचे सूत्र बदलत नाही. पॅनेलने उत्तर प्रदेश, हरियाणासारख्या राज्यांचे स्वतंत्र दरही यात धरले. तोडणी-वाहतूक कापून शेतकऱ्याच्या हाती किती पडते, हे जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, कोणी विचारत नाही.

गहू-तांदळाच्या सरकारी साठ्याला मिळालेले संघटनेच्या बाली परिषदेचे (२०१३) संरक्षण उसालाही आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते अन्नसुरक्षेसाठी साठवायच्या पारंपरिक अन्नपिकांपुरते आहे.

गंमत अशी की, तिजोरीतून प्रत्यक्ष पैसे दिले असते तर हिशेब हलका झाला असता. किमतीतल्या फरकाची भरपाई थेट खात्यावर दिली, तर तिची मोजणी प्रत्यक्ष खर्चाने करण्याचा पर्याय करारात आहे. दर बांधून दिला की मात्र कागदी फरक मोजला जातो. महाराष्ट्राकडे अर्धा रस्ता तयार आहे: साखर उद्योगावरील रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर आपण २०१३ मध्येच ७०:३० महसूल-वाटपाचा (७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला) कायदा केला. पण आरएसएफ (या वाटपाने निघणारा दर) एफआरपीच्या खाली आला तरी एफआरपी द्यावीच लागते. त्यामुळे सूत्राच्या तावडीतून सुटका नाही. एफआरपीचा तळ काढून तेथे सरकारी फरक-भरपाई आणायची, तर कारखान्यांवरचा बोजा केंद्राच्या अर्थसंकल्पात येईल. दिल्ली त्याला राजी होणे कठीण, आणि शेतकरी संघटनांनीही आधी 'पैसे किती दिवसांत?' हेच विचारावे. १४ दिवसांत एफआरपी देण्याचा कायदा असून थकबाकी राहतेच.

निदान एक काम बिनखर्चाचे आहे. १९९५-९६ नंतर उसाच्या आधाराची माहिती भारताने संघटनेला कळवलेली नाही, आणि पॅनेलने तोही भंग ठरवला. आपला हिशेब आपण मांडला नाही, म्हणून ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या वतीने तो मांडला, अर्थात त्यांच्या सोयीने. दुसरीकडे ब्राझीलने २०२२ मध्ये कायदा केला आहे. समोरच्या देशाने ठप्प मंडळाकडे अपील करून निकाल अडवला, तर सूचना देऊन ६० दिवसांनी ब्राझील सरकार स्वतःच प्रतिकारवाई करू शकते. हा कायदा ज्यांना लागू पडतो, त्यांत आपण आहोत.

— एक वाचक, सांगली