आधी कोणतं काम

नागपूर, २ मे

प्रिय मित्रा,

दिवसभर धावपळ होते आणि रात्री महत्त्वाचं एकही काम झालेलं नसतं, असं तू लिहितोस. तुझी यादी पाहिली. कूलरचा मेकॅनिक, सोसायटीच्या ग्रुपवरची उत्तरं, कुणाला तरी स्टेशनवर सोडणं, हे सगळं वर आहे. दहावीत गेलेल्या पोरीचं गणित, प्लॉट नियमित करण्याच्या पत्राची, म्हणजे आरएलची, कागदपत्रं आणि आईचा गुडघा तळाशी. ज्याचा फोन येतो त्याचं काम वर चढतं गड्या, आणि आईचा गुडघा काही फोन करत नाही.

आधी सात दिवस फक्त नोंद कर. शंभर पानी वहीत तीन रकाने आख: काम, किती मिनिटं लागली, आणि ते संपल्यावर डोकं तरतरीत होतं की शिणलेलं. तिसरा रकाना चुकवू नकोस. रात्री साडेनऊला तुझ्याकडे तासभर असतो खरा, पण त्या तासात गणित शिकवायची ताकद उरलेली नसते.

मग तीनच कामं निवड आणि त्यांतल्या पहिल्याला दिवसातले सर्वांत चांगले तास दे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ते तास सकाळी साडेपाच ते आठ हेच. दुपारी घामाने अंगातलं पाणी कमी होतं, आणि वजनाच्या दोन टक्क्यांएवढं घटलं तरी लक्ष टिकत नाही. १ ते ४ मध्ये झेरॉक्स, बिलं, फायली लावणं एवढंच ठेव. निरोपांची उत्तरं मेट्रोत दे. खापरी ते सीताबर्डी एवढा प्रवास त्याला पुरतो.

‘गणित घेणे’ असं लिहिलंस तर ते टळणारच. ‘सहाचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर वर्गसमीकरणांची पाच उदाहरणं’ असं लिही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हेच मांडलं होतं: कधी, कुठे, कसं हे आधी ठरलेलं असलं की काम तडीस जाण्याची शक्यता वाढते. पाचांऐवजी पूर्ण धडा धरलास तर तिसऱ्या दिवशी दोघंही कंटाळाल.

सर्वांत जास्त शक्ती वाया जाते ती काम अर्धवट सोडून उठण्यात. कागदपत्रं लावताना फोन आला, पाच मिनिटं बोललास, परत बसलास, तरी डोकं त्या बोलण्यातच. सोफी लरॉय यांचं यावरचं संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आधीच्या कामात थोडं लक्ष अडकून राहतं, असं त्यात दिसलं. उठावंच लागलं तर आधी दोन ओळी लिही: ‘विक्रीपत्राची झेरॉक्स लावली. आता कर पावतीवरचं नाव जुळवायचं.’ आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. टेबलावर उलटा ठेवलेला फोनही हात ओढतोच.

आता लग्नसराई. संध्याकाळी रिसेप्शनला गेलास की रात्री साडेअकरा वाजतात आणि दुसऱ्या दिवशीची पहाट हातची जाते. महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या पत्रिका समोर घेऊन बस. सख्ख्यांकडे पूर्ण वेळ जा. बाकीच्यांकडे आदल्या दिवशी वीस मिनिटं जाऊन आहेर देऊन ये. घरी येऊन भेटलेला माणूस यजमानाला जास्त लक्षात राहतो, असं मला मनापासून वाटतं. सोसायटीवाल्यांना ‘आज जमणार नाही, रविवारी ११ नंतर बसू’ एवढंच सांग. कारणं देऊ नकोस, कारणावर लोक तोडगा काढतात.

आईचे व्यायाम मात्र यादीत लिहू नकोस, चहाला जोडून टाक. दोन्ही वेळचं आधण ठेवलं की फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम, सांगितले तितक्याच वेळा. तेवढा वेळ तू समोर बस. एकटं असलं की म्हातारी माणसं निम्म्यावरच थांबतात.

आठवड्याची वही भरली की पानांचे फोटो पाठव. मी तिसरा रकाना आधी वाचेन.

तुझाच