अदिस अबाबाला केव्हा जावे

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या शहरात मी तीन वर्षे गणित शिकवले, ते इथिओपियातले अदिस अबाबा तुला सूनबाई आणि छोटीसह पाहायचे आहे आणि आम्हा दोघांनाही बरोबर न्यायचे आहे, हे वाचताच तुझ्या आईने ट्रंकेतली जुनी गाबी, म्हणजे तिथली हातमागाची जाड सुती चादर, बाहेर काढून उन्हात घातली. बेत उत्तम आहे. फक्त शाळेला सुटी आहे म्हणून तू सुचवलेला मे महिना मला पटत नाही, आणि कारण सांगू लागलो की तू फोनवर 'आफ्रिकेत काय, बारा महिने ऊनच' असे म्हणून विषय मिटवतोस, म्हणून हे लिहून कळवीत आहे.

ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही सातशे मीटर वर. त्यामुळे विषुववृत्त जवळ असूनही तिथे उकाडा असा नसतोच; दुपारचे तापमान वर्षभर वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास राहते, आणि ऋतू ठरतो तो उष्णतेवर नव्हे, पावसावर. खरे तर ते शहर वसले तेच हवेमुळे. पुढे सम्राट झालेला राजा मेनेलिक आधी शहरालगतच्या एन्तोतोच्या डोंगरावर राहत असे, पण तिथला वारा आणि गारठा नकोसा होऊन राणी तायतू खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी उतरली आणि १८८६ मध्ये तिने त्या जागेला 'नवे फूल' या अर्थाचे नाव दिले.

जून ते सप्टेंबर हा तिथला किरेम्त, म्हणजे मोठा पावसाळा. जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेका महिन्यात अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याची रिपरिप डोळ्यांसमोर आणू नकोस. सकाळी बहुधा उघडीप असते, दुपारनंतर आभाळ काळवंडते आणि गडगडाटासह पाऊस कोसळतो, पुष्कळदा गारांसकट. आमच्या वर्गाला पत्र्याचे छप्पर होते. गारा सुरू झाल्या की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नसे, मग मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवीत असे आणि मुले आपापली सोडवत बसत. त्या पहिल्या जुलैत कपाटातल्या माझ्या चामड्याच्या बुटांवर हिरवी बुरशी चढली होती. एन्तोतोच्या पलीकडे उत्तरेला पडणारे याच पावसाचे पाणी पुढे निळ्या नाईलमधून सुदान आणि इजिप्तकडे जाते, ही गोष्ट तेव्हाही मला मोठी वाटे, पण बूट काही वाचले नाहीत.

थंडीचे गणित मात्र उलटे आहे. दिवसा सर्वांत गार वाटते ते जुलै-ऑगस्टमध्ये, कारण ढग ऊन अडवतात; आणि रात्री सर्वांत कडक असतात त्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कारण निरभ्र आकाशामुळे जमिनीची ऊब टिकत नाही. म्हणून कोणत्याही महिन्यात गेलो तरी स्वेटर लागणारच, हे सूनबाईंना आत्ताच सांगून ठेव.

आता तुझा मे. मार्च-एप्रिलमध्ये बेल्गचा, म्हणजे लहान पावसाळ्याचा, लहरी पाऊस येतो, कधी नुसती हुलकावणीच देतो. मे येईपर्यंत गवत वाळलेले, रस्त्यांवर धूळ, आणि महिनाअखेर पुन्हा ढगांची जमवाजमव. म्युझियममधली ३२ लाख वर्षांपूर्वीची लूसी, म्हणजे मानवाच्या पूर्वजाचा तो प्रसिद्ध सांगाडा, मेमध्येही दिसेल, पण शहराची खरी शोभा दिसणार नाही.

ती शोभा पावसाच्या पाठोपाठ येते. सप्टेंबरात एन्तोतोच्या उतारांवर अदे अबेबा नावाची पिवळी फुले फुलतात. सह्याद्रीच्या पठारांवरची सोनकी आठवावी अशीच. ११ सप्टेंबरला त्यांचे नववर्ष येते, कारण त्यांचे पंचांग निराळे, तेरा महिन्यांचे. आपला अधिक मास तीनेक वर्षांतून एकदा येतो, त्यांचा पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना दरवर्षी. पुढे २७ सप्टेंबरला मेस्केल हा क्रुसाचा सण, आणि आदल्या संध्याकाळी मेस्केल चौकात त्याच फुलांनी सजवलेली उंच होळी पेटते. ती होळी मी तीन वेळा पाहिली, त्यांपैकी एकदा चिंब भिजून. तुला एकट्याला जायचे असते तर मी तेच दिवस सुचवले असते. पण सात वर्षांच्या मुलीला आणि आईच्या गुडघ्यांना ती गर्दी आणि तो चिखल झेपायचा नाही.

तेव्हा माझे मत ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचे. पाऊस सरलेला, हवा धुऊन निघालेली, हिरवळ अजून टिकलेली. दिवाळीची सुटी त्याच सुमारास आली तर छोटीची शाळाही बुडणार नाही. दिवाळी उशिरा असेल तर नोव्हेंबरही चालेल. फुले संपलेली असतील, आकाश मात्र त्याहून निळे. जानेवारीतला १९ तारखेचा तिमकतचा उत्सव देखणा खरा, पण तेव्हा हॉटेले महागतात, आणि फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनच्या परिषदेमुळे रस्तेही अडतात.

आईच्या जेवणाची काळजी नको. बुधवारी आणि शुक्रवारी तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवास पाळतात, तेव्हा मांस, दूध, अंडी वर्ज्य. साबुदाणा नाही, पण आपल्या उपवासाला न चालणारी मसूर त्यांच्या उपवासाला चालते. इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर, डाळी आणि भाज्या वाढलेले बेयाय्नेतू मागायचे, एवढे लक्षात ठेव. नोव्हेंबरच्या अखेरीस नाताळाआधीचा मोठा उपवास सुरू होतो आणि मग हे ताट रोजच सहज मिळते, म्हणून आईचे मत गुपचूप डिसेंबरकडे झुकते आहे. तिला रात्रीच्या थंडीची आठवण मी करून दिली, तर तिने गाबीकडे बोट दाखवले.

मुंबईहून थेट विमान आहे. सूनबाईंच्या रजेचे नक्की झाले की कळव. तिकिटे त्यानंतरच काढ.

तुझे,
बाबा