जुना संगणक मोडीत काढण्याआधी लिनक्स चालवून पाहा, आणि जे बिघडेल ते कळवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात : लॅपटॉप उत्तम चालतोय, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही, आता काय करायचे? माझे उत्तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली. मी केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपसाठी (पडद्यावरच्या खिडक्या, मेनू आणि सोबतचे प्रोग्राम यांच्यासाठी) स्वयंसेवक म्हणून काम करते. प्रोग्राम लिहीत नाही. लोकांनी कळवलेले बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, वाचते, तोच बिघाड माझ्या संगणकावर घडतो का ते पाहते आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हाती तो नीट मांडून देते. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. त्यामुळे २०१६ च्या सुमारास घेतलेली, आजही धडधाकट असलेली यंत्रे बाद ठरतात. त्यांच्यात बिघाड काहीच झालेला नाही. फक्त त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळणे थांबले आहे. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. असा संगणक टाकून देणे मला पटत नाही. केडीईच्या ओक्युलर या पीडीएफ वाचकाला २०२२ साली जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरण-चिन्ह मिळाले. ते मिळवणारा तो पहिलाच संगणक प्रोग्राम. त्या चिन्हाची एक अट अशी की, प्रोग्राम निदान पाच वर्षे जुन्या यंत्रावरही चालला पाहिजे. सगळेच सॉफ्टवेअर या अटीने तपासले जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन यांपैकी कुठलेही डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) चालेल. तिथे खरी रॅम डेस्कटॉप नव्हे, ब्राउझर खातो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. वेगात जेवढा फरक त्याने पडतो तेवढा कुठलेही डिस्ट्रो निवडून पडत नाही. ३२ बिटच्या यंत्रांबाबत मात्र आशा दाखवणे बरोबर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे बंद केले आणि लिनक्सवरच्या ३२ बिट फायरफॉक्सचाही पाठिंबा १४५ व्या आवृत्तीपासून थांबला.

लगेच इन्स्टॉल करू नका. डिस्ट्रोच्या संकेतस्थळावरची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची नक्कल) पेन ड्राइव्हवर लिहून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवा. डिस्कला हात न लागता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. मग नुसते मेनू बघत बसू नका, रोजचे काम करून पाहा. वाय-फाय लागते का, हेडफोनचा माइक चालतो का, व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा दिसतो का, दुसरा मॉनिटर ओळखला जातो का. प्रिंटरवर एक पान काढा. लॅपटॉप मिटवा, थोड्या वेळाने उघडा आणि तो नीट जागा होतो का पाहा; ही चाचणी बहुतेक जण विसरतात आणि महिन्याभराने त्रासतात. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट निवडले की टंकलेखन सुरू होते, वेगळे काही उतरवावे लागत नाही.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल तर दोन कामे आधी करा. बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की लिहून ठेवा. अनेक लॅपटॉपवर डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते, आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) किंवा पार्टिशन (डिस्कचे भाग) बदलले की पुढच्या वेळी विंडोज ती की मागते. दुसरे, विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन करूनही विंडोज पुरते बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. बॅकअपचे वेगळे सांगायला नको.

ज्यांचे पोट एखाद्या विंडोजवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, किंवा कर्नल पातळीवरचे (कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणारे) अँटी-चीट, म्हणजे फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर, मागणारे खेळ ज्यांना हवेत, त्यांना मी लिनक्सचा आग्रह करत नाही.

सध्या आमच्याकडची मोठी बातमी वेलँडची, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढण्याच्या नव्या पद्धतीची आहे. एक्स ११ ही जुनी पद्धत १९८७ पासूनची. तिच्यात एका प्रोग्रामला दुसऱ्या प्रोग्राममध्ये टाइप होणारी अक्षरे वाचता येतात, न विचारता पडद्याचे चित्र घेता येते. वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले ते ही आणि अशी अनेक जुनी दुखणी मुळातून काढायला. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये एक्स ११ चे सेशन (त्या पद्धतीने लॉगिन करण्याची सोय) मुळातच बंद ठेवले गेले, आणि केडीईने आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.८ आवृत्तीपासून ते काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. जुने प्रोग्राम एक्सवेलँड या दुव्यामार्फत वेलँडवर चालत राहतील. स्क्रीन शेअर करताना ‘कोणती खिडकी दाखवायची?’ असे विचारणारी चौकट आता येते, ती वेलँडमुळेच. ती त्रासदायक वाटली तरी तुमच्या बाजूची आहे. पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीनांना या बदलात ज्या अडचणी आल्या, त्यांची दखल आधीच घेतली जायला हवी होती, हे मात्र मी आमच्या बैठकांतही बोलते.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. लिनक्सवर काही अडले की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात : गुपचूप विंडोजकडे परततात, नाहीतर ‘वाय-फाय चालत नाही’ एवढेच लिहून मोकळे होतात. त्या वाक्याचे मी काहीही करू शकत नाही. संगणकाचे मॉडेल, डिस्ट्रो आणि डेस्कटॉपची आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, दर वेळी होते की कधीकधी, एवढे लिहिले तर तेच सोन्याच्या मोलाचे ठरते. यातली बरीचशी माहिती केडीईच्या ‘या सिस्टिमबद्दल’ या पानावरून एका क्लिकने कॉपी होते. एका नोंदीत एकच बग असावा. लॉग (प्रोग्रामने केलेली घडामोडींची नोंद) जोडताना त्यातले स्वतःचे नाव आणि पत्ते पुसून टाका.

आणि शक्य असेल तर एक गोष्ट जरूर सांगा : हे आधी कोणत्या आवृत्तीत चालत होते? प्रोग्राम लिहिणारे गिट वापरतात; त्यात प्रोग्राममधला प्रत्येक बदल क्रमाने नोंदलेला असतो. चालती आणि बिघडलेली अशी दोन टोके कळली की मधला बदल तपासायचा. तिथे चालत असेल तर दोष पुढच्या अर्ध्या भागात, नसेल तर मागच्या. दर चाचणीला शोध निम्मा होतो, म्हणून हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो. ही दोन टोके नसतील तर जाणकार माणूसही आठवडे चाचपडतो. आणि ती सांगायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

बारीक खटक्याकडे लक्ष दिल्याने काय होते, हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) होणाऱ्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. त्यांनी ते सोडून दिले नाही, आणि एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेले चोरदार (बॅकडोअर, म्हणजे संगणकात गुपचूप शिरण्याची वाट) उघडकीस आले. बहुतेक डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचण्याआधीच पकडले गेले.

बग कळवल्यावर आमच्याकडून उलट प्रश्न आला तर कृपया उत्तर द्या. केडीईत माहिती मागितलेल्या नोंदीवर महिनाभर काहीच हालचाल झाली नाही तर ती आपोआप बंद होते. खरा बग समोर असताना, फक्त उत्तर आले नाही म्हणून नोंद बंद होताना पाहणे मला फार लागते. तुम्ही लिनक्स सोडून दिले असेल तर तेही एका ओळीत कळवा. त्याचाही उपयोग होतो.

आपणास एक विनंती. संगणक घेण्याविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत नेहमी लिहून येते. पुढच्या वेळी त्याच पानावर, असलेला संगणक लाइव्ह पेन ड्राइव्हवर कसा तपासायचा, याला एक चौकट द्यावी. मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, आणि वाचकांनी पाठवलेले बग स्वतः तपासून योग्य ठिकाणी नोंदवीन.

आपली विश्वासू,
एक वाचक आणि केडीई स्वयंसेवक