माप घेताना पोरं पोट आत ओढतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या शहापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवतो, 26 वर्षं झाली. मे-जूनला दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि तेव्हा जे दिसतं ते लिहायचं लिहायचं म्हणून राहूनच जात होतं. आधी आईबाप म्हणायचे, मास्तर खाली चार बोटं कापड दुमडून ठेवा, पोरगं उंच व्हायलंय, दोन वर्षं चालली पाहिजे पँट. आता म्हणतात कमरेला दाब ठेवा, म्हणजे शिवणीत आत जादा कापड, नाहीतर सरळ इलॅस्टिकच घाला. पाचवीच्या पोराची कंबर 32-33 इंच, अहो हे बापाचं माप झालं, वहीत लिहायच्या आधी टेप पिळलीय काय ते मी परत बघतो. परवा एक पोरगं आलं, टेप पोटाभोवती घेतली तसं त्यानं श्वास धरून पोट आत ओढलं. म्हटलं सोड की रे, असं माप घेतलं तर बटण लागायचं नाही, तर मान खाली घालून गप्प. मागं आई हसायली होती, "खात्यापित्या घरचं हाय ओ, उंची वाढली की उतरेल." बऱ्याच पोरांचं उतरत नाही, माझ्या वहीत दरवर्षीची मापं आहेत.

कुणाला नावं ठेवायला हे पत्र नाही, मशीनवर बसून बसून माझीच कंबर 39 आहे. डॉक्टर सांगतात आपल्याकडं पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 च्या वर गेली की शुगर-बीपीचा धोका वाढतो, म्हणजे इंचात साडेपस्तीस आणि साडेएकतीस. (पोरांना वयाप्रमाणं वेगळा तक्ता असतो.) 2019-21 च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्व्हेत कर्नाटकातली दहातली तीन मोठी माणसं जादा वजनाची निघाली, आणि 2025 ला युनिसेफनं सांगितलं की शाळेच्या वयाच्या पोरांत जगभरात आता कमी वजनापेक्षा लठ्ठपणा जास्त आहे.

लोक लगेच कुंद्यावर, आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईवर घसरतात. अहो कुंदा पाहुणे आले, सण आला की येतो, तो काय पोरं रोज मधल्या सुट्टीत खात नाहीत, रोज फुटतं ते 5-10 रुपयाचं पाकीट. आणि कोल्ड्रिंकची पाव लिटरची बाटली म्हणजे साधारण 26 ग्रॅम साखर, सहा चमचे, डब्ल्यूएचओ म्हणतं वरून घातलेली साखर अख्ख्या दिवसात 25 ग्रॅमच्या आत राहिली तर चांगलं, तेही मोठ्या माणसाला. आज्जा तालमीत जायचे आणि लोण्याचा गोळा खायचे हे मलापण माहीत आहे, पण ते जोर मारून शेतात जायचे, आपलं पोरगं शाळेतून व्हॅननं ट्यूशनला जातंय आणि पीटीचा तास गणिताला गेलाय.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, 2020 चा नियम आहे, शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जादा तेल-साखर-मिठाचं काही पोरांना विकायचं नाही. माझी टेप दीड मीटरची. एका रविवारी सकाळी एका शाळेच्या गेटापासून टेप रस्त्यावर ठेवत ठेवत गेलो, 33 टेपा आणि वर हातभर. कुत्रं मागं लागलं ते सोडा, पण तेवढ्यात सात दुकानं-गाडे मोजले आणि सातहीकडं पाकिटांच्या माळा. गाडेवाल्याला हाकला असं मी म्हणत नाही, त्याचंपण पोट आहे, त्यानं उकडलेल्या शेंगा, पेरू, चणे विकावेत आणि त्याला ते परवडेल असं काहीतरी करा. पण नियम केलाय तर महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी येऊन बघा, आणि गेटावर पाटी लावा, कन्नडमध्ये लावा तशी मराठीतही लावा, पोरांना न्यायला येणाऱ्या निम्म्या आज्ज्या मराठीच वाचतात. मोजायला टेप नसेल तर माझ्याकडनं न्या.

त्या पोराची पँट शिवून झाली. कमरेला तीन इंच दाब ठेवलाय, आईनं सांगितलं नव्हतं.

– एक टेलर, शहापूर, बेळगाव